ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर आजी-आजोबांचं शरीर कसं तयार करायचं?

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे निघालं की वाटेत केदारखेडा लागतं. इथल्या किंवा आजूबाजूच्या एखाद्या घरात सत्तरीतल्या माणसाला कॅन्सर असल्याचं कळलं की पुढची धावपळ ठरलेली असते: तपासण्या, बायोप्सीचा रिपोर्ट, रेशन कार्ड-आधार कार्डाच्या झेरॉक्स, योजनेची मंजुरी आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या. निदान झाल्यापासून ऑपरेशन किंवा पहिली केमो होईपर्यंत बहुतेक वेळा दोन ते पाच आठवडे जातात. घरातल्या सगळ्यांच्या लेखी हा 'वाट बघण्याचा' काळ असतो. आजोबांना बाजेवर झोपवलं जातं आणि "तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा" असं सांगितलं जातं. भेटायला येणारेही तेच सांगून जातात.

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण त्याने नुकसान होतं. याच आठवड्यांत शरीराची ताकद वाढवून घेण्याच्या पद्धतीला डॉक्टर 'प्रीहॅबिलिटेशन' किंवा थोडक्यात 'प्रीहॅब' म्हणतात. मराठीत 'उपचारपूर्व तयारी' म्हणायला हरकत नाही. रिहॅब म्हणजे ऑपरेशननंतर माणसाला पुन्हा उभं करणं, आणि प्रीहॅब म्हणजे तेच काम आधी सुरू करणं.

बाजेवर पडून राहिल्याने नेमकं काय होतं?

अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात साधारण 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांना कुठलाही आजार नव्हता. तरीही दहा दिवसांत पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. कॅन्सरच्या पेशंटची भूक मेलेली असते, शरीरात दाह असतो आणि वजन आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे त्याचं नुकसान याहून जास्तच होणार.

स्नायू फक्त चालण्यापुरते लागतात असं नाही. ऑपरेशननंतर जखम भरायला आणि जंतुसंसर्गाशी लढायला लागणारी प्रथिनं शरीर स्नायूंच्या साठ्यातूनच काढतं. खोकून कफ बाहेर काढायलाही पोटाच्या आणि छातीच्या स्नायूंत जोर लागतो. तो जोर नसला की कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. ऑपरेशन यशस्वी झालं, पण पेशंट आयसीयूतून लवकर बाहेरच आला नाही, असे प्रसंग आपण ऐकतो. त्यातल्या बऱ्याच प्रसंगांमागे हे आधीचं अशक्तपण असतं.

वय आधार कार्डावरचं की शरीराचं?

आपल्याकडे अनेक वृद्धांच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असते, म्हणजे वय अंदाजे लिहिलेलं असतं. डॉक्टरांनाही या आकड्यातून फार काही कळत नाही. 78 वर्षांच्या एखाद्या आजी अजून शेतातून सरपणाचा भारा आणतात, तर 66 वर्षांच्या एखाद्या आजोबांना खुर्चीतून उठताना आधार लागतो. दोघांना एकच ऑपरेशन आणि एकच डोस देणं धोक्याचं असतं. "वय झालंय, आता कशाला" म्हणून आजींचे उपचारच टाळणंही तितकंच चुकीचं. माझ्या मते गावाकडे ही दुसरी चूक जास्त होते, आणि ती कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही.

म्हणून वृद्ध पेशंटची एक वेगळी तपासणी करतात. तिच्यात चालणं, तोल, आहार, स्मरणशक्ती, मनाची अवस्था, इतर आजार, चालू गोळ्या आणि घरात सांभाळणारं कोण आहे हे सगळं पाहिलं जातं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने वृद्ध कॅन्सर पेशंटसाठी 2018 साली वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तो याच कामासाठी. अमेरिकेत सत्तरीपुढच्या 718 पेशंटवर झालेला आणि 2021 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. ज्यांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा अहवाल हातात दिला, त्या पेशंटमध्ये केमोचे गंभीर दुष्परिणाम 51 टक्क्यांना झाले. ज्यांच्या डॉक्टरांना अहवाल दिला नव्हता, त्यांच्यात हेच प्रमाण 71 टक्के होतं. सहा महिन्यांनंतर जगण्याच्या प्रमाणात दोन्हींकडे फरक नव्हता. डोस सुरुवातीला थोडा कमी ठेवणं आणि नको त्या गोळ्या बंद करणं, असे साधे बदल त्यामागे होते.

घरी करून पाहण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर बसवा, हात छातीशी घडी घालायला सांगा आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठ-बस करायला लावा. मोबाईलवर वेळ मोजा आणि कोणीतरी शेजारी उभं राहा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा उठताच आलं नाही, तर पायांची ताकद कमी आहे. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. वजन उतरल्याच्या खुणाही घरच्यांनाच आधी दिसतात. पाटल्या कोपराकडे सरकू लागतात, जोडवी निसटतात, ब्लाऊज ढगळ होतं. सहा महिन्यांत 60 किलोचे 54 किलो झाले असतील, तर ती गंभीर बाब आहे.

व्यायाम म्हणजे काय करायचं?

जिम लागत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालण्यापासून सुरुवात करायची. आज पाच मिनिटं दमछाक न होता जमत असतील, तर पाच मिनिटं सकाळी आणि पाच संध्याकाळी. दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवत तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिवसाला अर्ध्या तासावर पोहोचलं तरी पुष्कळ झालं. वेग किती असावा याची खूण अशी: चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवा, आणि बोलतानाही धाप लागत असेल तर कमी करा. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाणारी माणसं या भागात कमी नाहीत, चालणं त्यांना शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात मात्र जालन्याचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ऊन चढण्याआधी किंवा दिवेलागणीच्या वेळेलाच चाला.

चालण्याइतकाच ताकदीचा व्यायाम गरजेचा आहे, आणि नेमका तोच सगळे विसरतात. खुर्चीवरून किंवा ओट्यावरून उठ-बस आठ-दहा वेळा करायची, थांबायचं, पुन्हा करायची. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या. एक लिटरच्या बाटल्यांत पाणी भरलं की एकेक किलोची वजनं तयार होतात, ती दोन्ही हातांत घेऊन कोपरातून हात वाकवायचे. आठवड्यातून तीन दिवस एवढं केलं तरी चालेल.

उठ-बशीवर भर देण्यामागे घरगुती कारणही आहे. खेड्यात बहुतेक घरी भारतीय पद्धतीचा संडास असतो. पोटाच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसून उठता आलं नाही तर माणूस संडासला जायचं टाळतो, त्यासाठी खाणं-पाणी कमी करतो, आणि तिथून सगळं बिघडत जातं. मांड्यांत जोर आधीच तयार करून ठेवला तर हा प्रश्न सोपा होतो. जमणारच नसेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर वजन उचलताना हाड मोडू शकतं. हिमोग्लोबिन फार कमी असेल, प्लेटलेट कमी असतील, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर आधी त्यावर उपचार. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा पायाला एकाच बाजूला सूज येऊन दुखू लागलं, तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

श्वासाचा व्यायाम: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आपल्याकडे ते अनेकदा ऑपरेशननंतर हातात दिलं जातं, तेव्हा पोटात टाके असतात, डोकं गुंगीत असतं आणि कोणी काय सांगतंय ते कळत नाही. हे आधी शिकवलं तर काय होतं, याचा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन होणाऱ्या 441 पेशंटपैकी निम्म्यांना ऑपरेशनपूर्वी फिजिओथेरपिस्टने एकदाच अर्धा तास शिकवलं. खोल श्वास कसा घ्यायचा, का घ्यायचा आणि शुद्धीवर आल्याबरोबर तो सुरू का करायचा, एवढंच. बाकीच्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. न्यूमोनियासारख्या फुप्फुसाच्या तक्रारी शिकवलेल्या गटात 12 टक्क्यांना झाल्या, दुसऱ्या गटात 27 टक्क्यांना. हे 2018 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालं आहे. अर्ध्या तासाच्या शिकवणीतून एवढा फरक पडत असेल, तर ऑपरेशनची तारीख घेताना फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची विनंती कुठल्याही नातेवाइकाने संकोच न करता करावी. जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली फिजिओथेरपीची सोय अपेक्षित आहे, तिथेही चौकशी करा.

पद्धत अशी: ताठ बसून नाकाने सावकाश खोल श्वास, दोन-तीन सेकंद थांबणं, तोंडाने सोडणं. असे दहा श्वास. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला हे करायचं असतं, म्हणून सवय आधी लावायची. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरायची, याचाही सराव घरीच करा.

खाणं, आणि व्हॉट्सॲपवरचा आहारसल्ला

"दूध बंद करा, साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो." हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. प्रत्यक्षात खाणं तोडलं की आधी पेशंट उपाशी मरतो. गाठ आपल्याला हवं ते स्नायू वितळवून मिळवते. मधुमेह असेल तर साखर सांभाळायचीच, पण ती मधुमेहासाठी.

कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळावीत, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. 50 किलोच्या आजींसाठी 60 ग्रॅमचं लक्ष्य धरू. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरींतून साधारण 18 ग्रॅम मिळतात, दोन वाट्या घट्ट वरणातून 11, दोन अंड्यांतून 12, दोन पेले दुधातून 13 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7. झाले 61. अंडी चालत नसतील तर पंचवीस ग्रॅम सोयाबीन वड्या भिजवून, शिजवून भाजीत घाला, तेवढीच प्रथिनं येतात. घरचं सोयाबीन वापरायचं असेल तर ते नीट शिजवलेलं किंवा भाजलेलं हवं, कच्च्याने पोट बिघडतं. किडनीचा आजार असेल तर मात्र हा हिशोब डॉक्टरांकडून बदलून घ्या.

खरी अडचण अशी की अशा पेशंटला तीन भाकरी जातच नाहीत. तेव्हा ताटभर वाढून "खा, खा" करण्यापेक्षा दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या: शेंगदाण्याचा कूट घातलेली पातळ खिचडी, तूप घातलेलं घट्ट वरण, सातूचं पीठ दुधात कालवून, उकडलेलं अंडं कुस्करून. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल आणि गिळताच येत नसेल, तर डॉक्टर नाकातून नळी सुचवतात. नळी म्हणजे शेवट जवळ आला, अशी भीती गावोगाव आहे. तिच्यातून मिळणाऱ्या अन्नावरच माणूस ऑपरेशनला उभा राहतो.

उपवासांचं काय? चतुर्थी, एकादशी, सोमवार, श्रावण. हे थांबवायला सांगणं सुनेला अवघड जातं, ते डॉक्टरांच्या तोंडून आलेलं बरं. उपवास धरायचाच असेल तर साबुदाण्यावर भागवू नका, त्यात प्रथिनं नावालाच असतात. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा द्या.

हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देता येतं. त्यालाही काही आठवडे लागतात, म्हणून ही गोष्ट पहिल्याच भेटीत विचारा.

मिश्री सोडायची कशी?

बिडी-सिगारेट सोडायला हवी हे सगळ्यांना मान्य असतं. मिश्रीला मात्र कोणी तंबाखू मानत नाही. रोज सकाळी हिरड्यांना मिश्री लावणाऱ्या कितीतरी आजी "मला कसलंच व्यसन नाही" असं डॉक्टरांना सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ऑपरेशनपूर्वी चार आठवडे धूम्रपान थांबवलं तर जखम भरण्याचे आणि फुप्फुसाचे त्रास कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. चार आठवडे हाताशी नसतील तर जेवढे आहेत तेवढे. सोडताना चिडचिड, बद्धकोष्ठता, झोप न येणं होतं, त्यावर औषधं मिळतात. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनही मिळतं.

तोंड-घशावर रेडिएशन होणार असेल तर दंतवैद्याला आधी दाखवणं फार महत्त्वाचं आहे. किडलेले दात काढायचे तर रेडिएशनच्या पुरेसे दिवस आधी काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका राहतो. गुटख्यामुळे तोंड उघडत नसेल तर जबड्याचे व्यायामही तेव्हापासूनच सुरू करतात.

पेशंटला सांगितलंय का?

ही सगळी तयारी बहुतेक घरांत एका ठिकाणी अडते. आजोबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगितलेलंच नसतं. "गाठ आहे, काढायची आहे" एवढ्यावर भागवलं जातं. ज्याला कारण माहीत नाही, तो भूक नसताना अंडं का खाईल, आणि साठ वर्षांची मिश्री का सोडेल? सगळं एका दमात सांगायची गरज नाही. पण किती जाणून घ्यायचं आहे हे त्यांनाच विचारा, आणि डॉक्टरांना त्यांच्याशी थेट बोलू द्या. पुष्कळदा त्यांना अंदाज आलेलाच असतो, घरच्यांना त्रास नको म्हणून तेही गप्प असतात. झोप उडाली असेल, माणूस कशातच लक्ष घालत नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का?

सगळ्यांनाच सारखं नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या 251 पेशंटवर नेदरलँड्स आणि इतर काही देशांत झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांचा व्यायाम, प्रथिनं, मानसिक आधार आणि धूम्रपान सोडवणं हे एकत्र दिलं. ऑपरेशननंतरची गंभीर गुंतागुंत त्यांच्यात 17 टक्के, तर इतरांत जवळजवळ 30 टक्के होती. पण कॅनडातल्या माँट्रियलमध्ये आधीच खूप खंगलेल्या वृद्धांवर केलेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. शरीर फारच खालावलं असेल तर चार आठवडे अपुरे पडत असावेत. त्यामुळे "प्रीहॅब केलं की धोका टळला" असं कोणी रीलमध्ये सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दुसरं, तयारीसाठी म्हणून घरच्यांनी स्वतःहून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नये. आतडं अडकलं असेल, रक्तस्राव होत असेल तर थांबायला वेळच नसतो.

केमो असेल तर

केमोआधी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा, शक्यतो पहिल्या डोसच्या दोन आठवडे आधी. घरात चालू थर्मामीटर ठेवा. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजता केदारखेड्याहून कुठल्या दवाखान्यात जायचं, गाडी कोणाची, हे आधी ठरवून मोबाईल नंबर भिंतीवर लिहून ठेवा. 108 ची रुग्णवाहिका आहेच.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. सांधेदुखीसाठी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. ते अचानक बंद करणंही धोक्याचं, आणि भूलतज्ज्ञाला न सांगणंही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

खर्च आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची अनेक ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन बसतं. मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये, चौकशीसाठी 155388. वय 70 पूर्ण असेल तर ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. इथे आधार कार्डावरचं वय धरलं जातं. 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सोबत जाणाऱ्या लेकीचा किंवा सुनेचा खर्चही निम्मा होतो.

दवाखान्यात जाताना चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी पिशवीत विसरू नका. ऑपरेशननंतर अनेक वृद्ध एक-दोन दिवस बरळतात, माणसं ओळखत नाहीत. दिसत नसेल आणि ऐकू येत नसेल तर हा गोंधळ वाढतो. घरातलं ओळखीचं माणूस जवळ बसलं, वेळ-वार सांगत राहिलं तर कमी होतो. आदल्या रात्री उपाशी किती वेळ ठेवायचं हे भूलतज्ज्ञाकडूनच ऐका. सर्वसाधारण नियम घट्ट अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तासांचा आहे. "सकाळी ऑपरेशन आहे" म्हणून आदल्या दुपारपासून पाण्याचा घोटही न देणं वृद्धांना झेपत नाही.